टाम्पेरेहून मॅन्ट्टाचं सेर्लाखिउस म्युझियम बघायला जावं का?

जूनमध्ये हेलसिंकीला भावाकडे चाललोय, सोबत आई-बाबा. लेकच्या काठावर कुठलंतरी आर्ट म्युझियम आहे म्हणे, मॅन्ट्टात. आईला चित्रांची आवड, बाबांना शून्य. एवढं लांब जाणं वर्थ आहे का?

भटकभवानी: नक्की जा! हेलसिंकीहून ट्रेनने टाम्पेरे, पुढे साधारण ९० किमी रोडने. गाव कागदगिरणीचं, गिरणीमालक योस्टा सेर्लाखिउसचा १९३५ चा बंगला म्हणजेच म्युझियम, आणि त्याला काचेच्या पुलाने जोडलेली २०१४ ची नवी लाकडी बिल्डिंग. आत तिरक्या लाकडी चौकटी एकामागोमाग एक आणि मधल्या काचेतून झाडं नि पाणी दिसतं, मी तर चित्रं सोडून तेच बघत बसले. काकूंना गॅलेन-कालेला आणि हेलेने श्येर्फबेक या फिनिश चित्रकारांची चित्रं नक्की दाखव.

बंड्या_टाम्पेरेकर: बाबांना बागेत सोडा हो, शिल्पं आहेत, चालायला भरपूर जागा. गावात कंपनीचं जुनं हेडऑफिस आहे, पांढरंशुभ्र, १९३४ चं, तेही म्युझियमच, तिथे कागदधंद्याचा इतिहास आहे, तो त्यांना चित्रांपेक्षा जास्त आवडेल बघा.

भटकभवानी: हो आणि २०२२ पासून आर्ट सौनापण (गरम वाफेची खोली) आहे तिथे, पण बुकिंग आधी करा. बाबा टॉवेल गुंडाळून बसतील का ते तुम्हीच ठरवा 😄

मूळ प्रश्नकर्ता: बाबा म्हणतायत सौना चालेल, चित्रं नकोत. टाम्पेरेत मुक्काम करतो मग, त्याच दिवशी परत हेलसिंकी म्हणजे त्यांची दमछाक होईल.