सेवेला ‘नाही’ म्हणणं ख्रिस्ती माणसाला शोभतं का?

रिकामी घागर:
सहा वर्षं झाली, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे आठवड्यातून तीनदा जाते. कूस बदलून द्यायची, चादर बदलायची, पाठीला पावडर लावायची. मागच्या महिन्यात माझीच कंबर धरली, म्हणून पाळकांना म्हटलं, दोन महिने दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, “ताई, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर कसं?” गोड आवाजात म्हणाले, पण तेव्हापासून चोरी केल्यासारखं वाटतंय. खरं सांगू? अलीकडे चादर ओढताना मी दातओठ खात होते. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो, सगळं धन वाटून टाकलं पण प्रीती नसली तर काही लाभ नाही. मग माझी ही सेवा कुणाच्या खाती जमा होते? मला वाटतं, थकलेल्यानं थांबावं आणि त्याला कुणी स्वार्थ म्हणू नये.

जुनी छत्री:
कंबरेबद्दल वाद नाही, विश्रांती घ्या. पण ‘मनात प्रीती उरली नाही म्हणून थांबते’ हे नाही पटलं. आधी प्रीती भरून येते आणि मग हात हलतात, असं असतं का? गेथशेमाने बागेत येशूलाही तो दुःखाचा, क्रूसावरच्या मरणाचा प्याला नको होता, तसं तो बापाला बोललाही. तरी गेला. फादर डेमियन हे मिशनरी 1873 साली हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले, त्यांनाही तोच रोग झाला आणि 1889 मध्ये ते तिथेच वारले. त्यांनी रजा टाकली असती तर?

मधलं बाक:
छत्री, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. डेमियन आपल्या वरिष्ठांकडे जोडीला माणूस मागत राहिले होते. 1888 मध्ये मदर मारियान कोप आणि त्यांच्या सिस्टर मोलोकाईला आल्या. मदर हात धुण्याच्या बाबतीत फार कडक. 1918 मध्ये वारल्या तोवर त्या तिथेच होत्या, आणि त्यांना रोग झाला नाही. त्यांची सेवा कमी प्रतीची का?
आणि येशूच्या दाखल्यातला तो चांगला शोमरोनी! वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, एक रात्र सांभाळलं, दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि आपल्या वाटेला लागला. उशाशी बसून राहिला नाही.

जुनी छत्री:
पुढचं वाक्य गाळलंत. ‘जास्त खर्च झाला तर परत येताना देईन’ असंही म्हणाला तो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची मजुरी रोख आणि वर कोरा चेक! हिशेब बंद करून गेला नव्हता.

मधलं बाक:
मान्य. पण खर्च उचलला, माणूस मात्र दुसऱ्याकडे सोपवला. घागरताई तेवढंच तर मागतायत.

कंदील:
मला वेगळंच खुपतंय. प्रत्येक मंडळीत चादरी बदलायला, भांडी घासायला ‘ताई’च का लागतात? बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 6 काढून बघा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, त्यावरून कुरकुर झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, तिला स्वार्थ म्हटलं नाही, सात जण नेमले. सातही पुरुष, आणि काम होतं पंगतीची व्यवस्था! आपल्याकडे ते सात जण बहुतेक माईकजवळ सापडतात.

जुनी छत्री:
हे मात्र लागलं. मीही माईकजवळचाच.

ओला टॉवेल:
येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग कुणीच काढला नाही. योहानाचं शुभवर्तमान, अध्याय 13. सगळे येशूच्या नम्रतेवर बोलतात, मला त्याचा शिष्य पेत्र आठवतो. ‘माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत’ म्हणून अडून बसला होता. नम्रता वाटते, पण तीही एक ऐटच. येशूनं बजावलं, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. घागरताई, तुमची कंबर धरली तेव्हा तुमच्या घरी कोण आलं होतं? की कुणाला कळवलंच नाही?

रिकामी घागर:
नाही कळवलं. शेजारच्या बाकावर बसणारी एक बाई दाराशी आली होती. ‘काही नको, बरी आहे मी’ म्हणून तिला परत पाठवलं, आणि दार लावून भिंतीला धरत पलंगापर्यंत गेले.
आजींकडे कोण जातंय, अजून ठरलेलं नाही.

जुनी छत्री:
पत्ता पाळकांकडून घेतो. चादर कशी बदलायची ते एकदा फोनवर सांगा, आजींना न उठवता.

रिकामी घागर:
आधी त्यांना एका कुशीवर वळवा. जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्या, तिच्या मागोमाग नवी अर्धी पसरा. मग दुसऱ्या कुशीवर. आणि हात ऊबदार करून घ्या, थंड हात लागला की त्या दचकतात.