‘स्पेन’ बसवताना सांबाचा मार्च होतोय, काय चुकतंय?

कीबोर्डवाला: रिटर्न टू फॉरएव्हर या जॅझ बँडच्या ‘लाइट ॲज अ फेदर’ अल्बममधलं (१९७२ची लंडनमधली रेकॉर्डिंग) ‘स्पेन’ बसवतोय. ड्रम्स, बास, कीबोर्ड, बासरी. सुरावट पाठ आहे, लय सुटत नाही, तरी सोलो सुरू झाले की ठेका जड होतो. रेकॉर्डवर तो पुढे धावतो. ड्रमरला नेमकं काय सांगू?

तालवेडा: तुमच्याकडचा चार्ट (लिहिलेली स्वरलिपी) चार मात्रांच्या बारमध्ये (आवर्तनात) असेल आणि ड्रमर २ व ४ वर स्नेअर (तडतडणारा छोटा ड्रम) मारत असेल. तिथेच घोळ आहे. सांबा हा ब्राझिलियन ठेका दोन ठोक्यांचा: पहिला दबका, दुसरा खोल आणि घुमणारा. सुर्दो या मोठ्या ढोलाचं काम तेच. चार्टमधला एक बार म्हणजे सांबाचे दोन ठोके, त्यामुळे वजन ३ वर यायला हवं.

किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम): १, अडीच, ३, साडेचार. हाय-हॅटचं (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचं) पेडल २ आणि ४ वर. १ ची किक हलकी, ३ ची भरीव, अडीच व साडेचारच्या नुसत्या स्पर्शाएवढ्या. चारही सारख्या जोरात पडल्या की कवायतीचा मार्चच होणार. स्नेअरवर बॅकबीट (२ व ४ वरचा ठोसा) नको, रिमवर (ड्रमच्या कडेवर) तुटक फटके पुरेत.

आता हात. दोन मात्रांत चार फटके येतात, त्यातला तिसरा आणि चौथा किंचित आधी पडतो. मेट्रोनोमच्या जाळीत चारही चपखल बसवले तर सांबा मरतो. आधी अर्ध्या लयीत, क्लिक फक्त ३ वर ठेवून वाजवा. रेकॉर्डवरच्या ड्रमरचा, एअर्टो मोरेराचा, उजवा हात तेवढा ऐकत राहा, बाकी आपोआप उलगडेल.

खर्ज: बासनेही साथ द्यायला हवी. १ वर मूळ स्वर आखूड, ३ वर पंचम लांब. साडेचारवर पुढच्या कॉर्डचा मूळ स्वर आधीच घ्यायचा. १ चा स्वर लांबवला की ड्रमरने ३ वर दिलेलं वजन झाकलं जातं.

आणि कीबोर्डवाल्यांनी डाव्या हातात मूळ स्वर अजिबात घेऊ नये. जी मेजर सेव्हन कॉर्डला मधल्या सी च्या आसपास बी, डी, एफ शार्प, ए. त्याखाली गेलात तर ऱ्होड्सचा (इलेक्ट्रिक पियानोचा) आवाज बासमध्ये कालवला जातो.

कीबोर्डवाला: ३ वर वजन आणल्यावर लगेच फरक पडला, आभार. पण सोलोत आम्ही दर फेरीच्या शेवटी हरवतो.

तालवेडा: फेरी २४ बारची. जी मेजर सेव्हन ४, एफ शार्प सेव्हन ४, मग दोन-दोन बार: ई मायनर सेव्हन, ए सेव्हन, डी मेजर सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी शार्प सेव्हन, एफ शार्प सेव्हन, बी मायनर, बी सेव्हन. बी मायनरवर गाणं घरी आल्यासारखं वाटतं, म्हणून लोक तिथेच फेरी संपवतात आणि दोन बार खातात. शिवाय बी सेव्हन ऐकला की कान ई मायनर सेव्हनची वाट बघतो, येतो मात्र जी मेजर सेव्हन. दोन्हींत जी, बी, डी हे स्वर सामाईक, म्हणून जोड बेमालूम बसतो आणि सम कळत नाही. ड्रमरने २३व्या-२४व्या बारमध्येच फिल (ठेका भरून काढणारा छोटा तुकडा) घ्यावा, इतरत्र नको.

खर्ज: सुरुवातीचा रोद्रिगोच्या आरांहुएझ कॉन्चेर्टोचा तुकडा ठेवणार असाल तर तो ठेक्याविना, मोकळ्या लयीत. ड्रमरने झांजेवर नुसता रोल दिला तरी चालेल.