वाहिनीवर गाळलेला शब्द इंटरनेटवर तसाच कसा ऐकू येतो?

पाऊलवाट (प्रश्न)
गेल्या रविवारी दुपारी आम्ही एका वाहिनीवर हिंदी चित्रपट पाहत होतो. रागाच्या भरात उच्चारलेल्या अगदी साध्या शब्दांवरही बीप वाजत होती. रात्री माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने तोच चित्रपट त्याच टीव्हीवर ओटीटी सेवेतून लावला, तेव्हा एकही शब्द गाळलेला नव्हता. पडदा एकच असताना दोन मापे का, असे तिने विचारले आणि मला सांगता आले नाही. हे नियम कोण करते? तिला पटेल असे उत्तर मला द्यायचे आहे.

अधोरेखित
मालिकांना प्रसारणापूर्वी कोणतेही मंडळ प्रमाणपत्र देत नाही. चित्रपटांना मात्र ते लागते. १९९५ च्या केबल कायद्याखालील कार्यक्रम संहितेत सुरुची आणि सभ्यता यांना बाधा आणणारे काहीही दाखवू नये असे म्हटले आहे, पण सभ्यता कशाला म्हणावे याची व्याख्या तिथे नाही. २००६ मध्ये मुंबईतील एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने केबलवरून प्रौढांसाठीचे चित्रपट दाखवण्यास अटकाव केला, आणि तेव्हापासून 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटांना कात्री लावून, 'यूए' (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहावा असे) प्रमाणपत्र मिळवून मगच ते वाहिनीवर आणण्याची पद्धत रूढ झाली. तेवढेही नेहमी पुरत नाही. 'द डर्टी पिक्चर' असा कापूनच २२ एप्रिल २०१२ रोजी दाखवला जाणार होता. तो रात्री अकरानंतर दाखवावा असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने सांगितल्यामुळे त्या दिवशीचे प्रसारण रद्द झाले. २०११ मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली तक्रार परिषद स्थापन केली आणि प्रौढ आशयासाठी रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ ठरवली.

ओटीटीला हे काहीच लागू नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तिथे वयोगट ठरवण्याचे काम सेवा देणारी कंपनी स्वतःच करते, आणि १३+ व त्यापुढील आशयाला पालकांसाठी कुलपाची सोय देणे तिच्यावर बंधनकारक आहे. ते कुलूप आपल्या घरी लावलेले आहे का, हे आधी पाहावे.

शेवंती
वरील माहिती मोलाची आहे, परंतु पूर्वी सारे सोवळे होते आणि आता बंधने सैल झाली, असे चित्र मला मान्य नाही. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर घरातील सगळे एकत्र बसलेले असताना निरोध कंडोम आणि माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांच्या जाहिराती लागत, आणि कोणी उठून जात नसे. उलट डिसेंबर २०१७ मध्ये मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० दाखवू नयेत असे कळवले, आणि टीका झाल्यावर ही बंदी केवळ उत्तान जाहिरातींपुरती असल्याचा खुलासा त्याच महिन्यात केला. आणखी एक गोष्ट मला फार खुपते. संध्याकाळच्या मालिकांत सुनेला थोबाडीत मारतात, तिच्या माहेरचा उद्धार करतात, आणि त्यावर मात्र बीप वाजत नाही.

पाऊलवाट
दोघांचेही आभार. कुलूप लावलेले नव्हते, आज लावले. मुलीचा पुढचा प्रश्न असा आहे की शिवी देणे हा गुन्हा नसेल, तर ती वाहिनीवर का गाळतात?

अधोरेखित
तिची शंका रास्त आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेब मालिकेवरील खटला रद्द करताना स्पष्ट केले की असभ्य भाषा आणि शिवीगाळ म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. कामुक भावना चाळवणारा मजकूरच अश्लीलतेच्या कलमात बसतो. पण हा निकाल फौजदारी गुन्ह्यापुरता आहे. कार्यक्रम संहितेत अश्लीलतेखेरीज सुरुचीचीही अट असल्यामुळे, जे गुन्हा ठरत नाही तेही वाहिनीवर आक्षेपार्ह ठरू शकते, आणि म्हणून तक्रार येण्याआधीच वाहिन्या शब्द गाळून टाकतात. शेवंतीताई, तुम्ही सांगितलेल्या थोबाडीत मारण्याच्या प्रसंगांबद्दलही याच संहितेखाली वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीला पंधरा दिवसांत निर्णय कळवावा लागतो.

शेवंती
हे मला माहीत नव्हते. आज रात्रीचा भाग पाहून, तारीख आणि वेळ टिपून मी तक्रार लिहिणार आहे. मसुदा इथे मांडते. त्यात संहितेचा उल्लेख नीट झाला आहे का, हे आपण पाहून द्यावे.