खर्रा सोड म्हणून किती सांगायचं? आता ठेल्याची जागा, परवाना आणि तपासणी यांवर बोलू

मानेवाड्याची ताई

माझा मोठा भाऊ नागपुरात ऑटो चालवतो, वय बेचाळीस. खर्रा खातो, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी. मागच्या महिन्यात आईनं पुरणपोळी केली, ती त्याला दुधात कुस्करून द्यावी लागली. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. एक बोट गेलं आणि तो थांबला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याला रागावता आलं नाही. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नाही निघाला. पण सुपारीनं तोंड आखडण्याचा हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी साफ सांगितलं.

वीस वर्षं आम्ही त्याला सोड म्हणतोय. आईनं शपथा घातल्या, वहिनीनं अबोला धरला. त्यानं तीनदा सोडलाही. तीनही वेळा परत लागला तो ऑटो स्टँडवर. तिथे डावीकडे पानठेला, उजवीकडे पानठेला, सवारीची वाट पाहत बसलेले चौघं आणि मधे एक पुडी. तिथे तो दिवसाचे दहा तास असतो. आमचं समजावणं दहा मिनिटांचं.

मी शाळेत लिपिक आहे. फाटकापासून ठेल्यापर्यंत परवा मोजून चालले. पंचेचाळीस पावलं. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटतात तो आवाज ऑफिसच्या खिडकीतून ऐकू येतो. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. रस्त्यावर पिवळी रेघ मारली होती, पावसात पुसली, पुन्हा कोणी मारली नाही. आणि दंड? जास्तीत जास्त दोनशे रुपये, २००३ पासून तेवढाच.

माझं म्हणणं एवढंच, की माणसाला बदला म्हणण्याआधी त्याच्या भोवतीचं बदला. महापालिकेनं तंबाखू विक्रीला वेगळा परवाना ठेवावा. त्या दुकानात चॉकलेट-बिस्कीट-चिप्स नकोत, म्हणजे पोरं तिथे जाणारच नाहीत. ही सूचना केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्येच राज्यांना केली आहे. आणि ऑटो स्टँड, एसटी डेपो, हिंगण्याची एमआयडीसी इथे तोंडाची तपासणी नेमानं व्हावी.

पूर्वी एसटीत लोक बिडी ओढायचे, आठवतं ना? २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागेतल्या धूम्रपानबंदीचे नियम कडक झाले. आज कोणी बसमध्ये बिडी काढली तर शेजारचाच हटकतो. त्या माणसांना आपण एकेकट्याला बसवून समजावलं नव्हतं.

वकीलसाहेब_धंतोली

ताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण कायद्यावर तुमचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा उरलेला नाही. गुटखाबंदी जुलै २०१२ ची. दरवर्षी नवा आदेश निघतो, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी बंदी एका वेळी एकाच वर्षापुरती घालता येते. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. काय झालं? पुडी काउंटरवरून काउंटरखाली गेली आणि महाग झाली. चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी केली, २०२१ मध्ये उठवली. बंदीनं हप्ता वाढतो, हे मी कोर्टात रोज बघतो.

शेवटी प्रौढ माणसानं काय खावं हे सरकारनं ठरवू नये. शाळेत शिकवा, घरात बोला, दवाखाना चांगला करा. त्यापुढे ज्याची त्याची मर्जी.

मानेवाड्याची ताई

वकीलसाहेब, मी बंदी मागितलीच नाही. परवाना मागितला. दारू दुकानाला परवाना लागतो, औषध दुकानाला लागतो. ज्या गोष्टीनं माणूस तोंड उघडायचं विसरतो ती मात्र कुठल्याही कोपऱ्यावर चालते.

आणि मर्जीचं म्हणाल तर माझ्या भावाला पहिली पुडी मिळाली तेव्हा तो नववीत होता. तेव्हा कुठली प्रौढ मर्जी? सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू घेणारे प्रौढ २००९-१० मधल्या ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. म्हणजे या काळातल्या नियमांनी काहीच झालं नाही असं म्हणता येत नाही. पण १५ ते १७ वयाच्या मुलांत तेच प्रमाण २.९ वरून ५.५ वर गेलं. मला झोप लागत नाही ती या दुसऱ्या आकड्यानं.

ठेला_नंदनवन

ताई, मी ठेलेवाला आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. काही खोटं नाही त्यात.

पण माझंही ऐका. बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडली, त्यानं ठेला टाकला. मी तोच चालवतो. सकाळी सहाला उघडतो, रात्री अकराला बंद. पानावर आता काही सुटत नाही. पान खाणारे म्हातारे झाले. कमाई खर्ऱ्यातच आहे, आणि त्यातही कोणाकोणाला द्यावं लागतं ते इथे लिहीत नाही. २०१८ ची प्लास्टिकबंदी आली तेव्हा पन्नी पकडायला आले. आठ दिवस कागदात देऊन पाहिलं. कागदात खर्रा घोटता येत नाही, चुना ओला असतो, फाटतो. गिऱ्हाईक दुसऱ्या ठेल्यावर गेलं. नवव्या दिवशी पन्नी परत आली.

परवाना काढा म्हणता. काढतो. पण बिस्कीट-चिप्स बंद केले तर माझा चांगला माल बंद होईल आणि वाईट तेवढा उरेल. मला उलटं करायला मदत कराल का? खर्रा सोडून चहा-नाश्ता टाकायचा तर भांडवल पायजे. बँक दारात उभी करत नाही.

इंटर्न_मेडिकल

मी दंतवैद्यक शिकतो आहे, म्हणून मधे बोलतो. ओपीडीत तोंड न उघडणारी मुलं वीस-बावीसची येतात. बहुतेकांना वाटतं की तंबाखू कमी केला, नुसती सुपारी ठेवली, म्हणजे वाचलो. तसं नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखू नसलेली सुपारीही २००४ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकली आहे.

दुसरं असं की, पाकिटावरचं ८५ टक्के जागेचं सचित्र इशाऱ्याचं चित्र २०१६ पासून आहे, पण खर्रा खाणाऱ्याला ते दिसतच नाही. तंबाखूचा डबा ठेल्यात राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात येते पारदर्शक पन्नी. देशभरासाठी केलेला नियम नागपूरच्या खर्ऱ्यापाशी येऊन असा निसटतो.

तरीही मी ताईंशी पूर्ण सहमत नाही. ठेल्यांच्या मागे धावण्यात सगळी ताकद गेली तर ज्यांना आजार आधीच जडलाय त्यांचं काय? तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या तोंडाची, आणि बायकांच्या स्तन व गर्भाशयमुखाचीही, कॅन्सरसाठी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. आशाताई घरी येऊन सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतात, त्यात तोंडाबद्दल प्रश्न असतात. फॉर्म भरला जातो. पांढरा चट्टा दिसला म्हणून पुढे पाठवलेला माणूस मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला पोचला का, हे कोण पाहतं? एका दिवसाची मजुरी बुडवून तो येतो, रांगेत दुपार होते, तारीख मिळते, परत येत नाही. मग येतो तो गालाला भोक पडल्यावर. मला विचाराल तर पहिला पैसा या निसटलेल्या माणसाला फोन करणाऱ्या एका कर्मचाऱ्यावर खर्च व्हावा.

कोराडी_रोड

सगळे खर्ऱ्यावरच बोलताय. मी खर्रा खात नाही, बिडी नाही, दारू नाही. आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर राख बसते. कोराडी आणि खापरखेडा, दोन औष्णिक केंद्रं आमच्या उशाशी. हवेचं प्रदूषणही २०१३ मध्ये त्याच पहिल्या गटात गेलं, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी. माणसाची सवय दिसते म्हणून तिच्यावर बोलणं सोपं आहे. ज्यात त्याची काही सवयच नाही, त्याचा परवाना कोणाकडे मागायचा?

वडसेकर

मी गडचिरोली जिल्ह्यातला, नोकरीसाठी नागपुरात. आमच्याकडे खर्ऱ्याचं वेड इथल्यापेक्षा कमी नाही, बाया-पोरंसुद्धा खातात. डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं २०१६ पासून दारू-तंबाखू कमी करण्याचं 'मुक्तिपथ' अभियान चाललं आहे. त्यातलं मला पटलेलं असं की निर्णय गावाचा असतो. गाव बसतं, ठरवतं, दुकानदार समोर बसलेला असतो. तो कोणाचा तरी भाचा असतो, त्यामुळे त्याला टाळता येत नाही आणि त्यालाही गावाला टाळता येत नाही. सगळीकडे टिकलं असं नाही म्हणणार. माझ्या मावशीच्या गावात टिकलं, शेजारच्या गावात चोरून सुरू झालं.

वकीलसाहेब म्हणतात तसा नुसता वरून आलेला आदेश हप्त्यात जातो, हे खरं. पण आदेश आणि मोहल्ला सोबत आले तर वेगळं होतं.

वकीलसाहेब_धंतोली

वडसेकर, हा मुद्दा मान्य. मोहल्ल्याचा निर्णय असेल तर माझा विरोध निम्मा होतो. उरलेला निम्मा दंडाबद्दल. दोनशे रुपये दंड ठेवणारा कायदा लिहिणाऱ्यालाच तो पाळला जावा असं वाटत नव्हतं. दुसरीकडे, अल्पवयीन मुलाला तंबाखू दिला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ठेल्यांवर हे किती जणांना ठाऊक आहे? या कलमाची पाटी प्रत्येक ठेल्यावर लावायला सांगा, मी मसुदा करून देतो, फी नको.

ठेला_नंदनवन

सात वर्ष? हे मला आज कळलं. खरंच सांगतो. माझ्याकडे युनिफॉर्मवाली पोरं येतात, 'बाबांसाठी' म्हणतात आणि मी देतो.

मानेवाड्याची ताई

ठेलेवाले भाऊ, तुमचा आधीचा निरोप मी दोनदा वाचला. बिस्किटांचं मी उलटं धरलं होतं. जो खर्रा बंद करेल त्यानं बिस्कीट-चहा ठेवावा आणि त्याला फेरीवाल्यांच्या यादीत आधी जागा मिळावी, असं मागायला पायजे. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिथे हे मांडता येईल. इंटर्न म्हणतो तेही त्याच अर्जात घालते: तपासणीनंतर पुढे पाठवलेल्या माणसाचा माग ठेवणारं कोणीतरी. कोराडीचा प्रश्न या अर्जात मावत नाही. तुम्ही वेगळा धागा काढा, त्यावर माझं नाव पहिलं लिहा.

माझा भाऊ काल स्टँड बदलून आला. जुन्या जागी बसलो तर हात जातो म्हणाला. नव्या स्टँडवर ठेला एकच आहे, रस्त्यापलीकडे. आज दिवसभरात दोनदा रस्ता ओलांडला, असं त्यानंच संध्याकाळी सांगितलं. आधी बारा पुड्या व्हायच्या. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडण्याच्या मोफत क्रमांकावर मग मी त्याला लावून दिलं, तो वीस मिनिटं बोलला.

ठेला_नंदनवन

ताई, माझ्या ठेल्यासमोरही एक शाळा आहे. अंतर मी कधी मोजलं नाही. रविवारी टेप घेऊन या, सोबत मोजू. ९१ मीटरच्या आत निघालं तर मागच्या गल्लीत जागा आहे एक, मालकाशी बोलून ठेवतो.