अनुभव धागा: ज्याचं त्याचं जगणं आणि आपलं सुख

परभणीकर

आजी जाऊन फाल्गुनात वर्ष होईल. माळवदाच्या घरातलं तिचं सामान आवरताना कोठीत एक पितळी डबा सापडला. झाकणावर नाव टाकलेलं आहे, पण घासून घासून इतकं झिजलंय की वाचता येत नाही. हाच डबा दर ईदला शेजारच्या चाचीकडून आमच्याकडं यायचा. त्यात शिरखुर्मा नसायचा. कोऱ्या शेवया, साखर, खोबऱ्याचे काप, खारका, चारोळी, सगळं कोरडं. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. ज्या घरात मांस शिजतं तिथलं शिजलेलं ती खात नसे, आणि चाचीला ते ठाऊक होतं. मग आजी आमच्या चुलीवर, आमच्या म्हशीच्या दुधात त्या शेवया शिजवायची आणि आम्ही पोरं ओट्यावर बसून वाट्या चाटून पुसून खायचो. दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, तो मात्र तयार.

समोरच्याचा नेम आपला नसला तरी आपल्यामुळं तो मोडू नये, याला मी आजवर चांगुलपणा समजत आलो. सुखही तिथंच कुठंतरी असावं, कारण डबा आणताना चाचीचा चेहरा मी पाहिलाय. पण मी लहान होतो. अर्धंच दिसलं असेल, अशी आता शंका येते. म्हणून तुम्हाला विचारतो. आपल्याहून वेगळं जगणाऱ्या माणसासोबत तुम्ही कसे राहिलात? त्यानं तुमची सुखाची कल्पना बदलली का? अभंग, वचनं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. इथं घडलेलं सांगा.

किल्लारीच्या शिवारातला

30 सप्टेंबर 1993 ला मी 11 वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, गुलाल अजून केसात होता. पहाटे चारच्या सुमाराला घर पडलं. दगड-मातीच्या रुंद भिंती, उन्हाळ्यात गारवा म्हणून आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, त्याच अंगावर आल्या. त्या भूकंपात सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यात माझी धाकटी बहीण.

त्याआधी अण्णा देवाचं सगळं करायचे. मंडळाची पावती फाडायला तेच पुढं असायचे. त्या दिवसानंतर त्यांनी देवापुढं हात जोडला नाही. आईचं उलट झालं. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो तेव्हा तिनं चुलीच्या आधी देव मांडले. एका खोलीत देव सोडलेला माणूस आणि देव घट्ट धरलेली बाई. आज ना उद्या भांडण पेटणार, असं मला रोज वाटायचं.

पेटलं नाही. अण्णा आठवडी बाजारातून येताना पिशवीत दिव्याचं तेल, वाती आणि कापूर आणायचे. आईनं कधी सांगितलेलं नसायचं. पिशवी देवाजवळ टेकवायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. एकदा मी विचारलं, तुम्ही मानत नाही तर आणता कशाला? म्हणाले, "तिला त्यानं झोप लागती." आईही दिवा लावताना त्यांना कधी "या" म्हणाली नाही. अण्णा जाईपर्यंत, 27 वर्षं, असंच चाललं. सुखी संसार म्हटलं की मला ती पिशवी दिसते. तेल सांडून सांडून तिचा एक कोपरा कायमचा चिकट झाला होता.

कोयत्याची लेक, बीड

माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं आमच्यात मोजतात. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला गाव सोडायचं, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. मी आजीजवळ राहून शिकले, आता शिक्षिका आहे. कार्यक्रमात कुणी आमच्या लोकांवर बोलायला उठलं की दुसऱ्या वाक्याला "बिचारे" येतंच. उचलीचा फास, फडातली बाळंतपणं, पोरांची बुडालेली शाळा, सगळं खरं आहे आणि ते थांबलंच पाहिजे. पण माझ्या आईसमोर बिचारी म्हटलं की ती उठून जाते. उसाच्याच वाढ्याचा बंध करून ती मोळी एका झटक्यात आवळायची. आजही विचारा, हवेत हात फिरवून दाखवते, आणि तेव्हा तिच्या तोंडावर जे असतं ते मला माझ्या पगाराच्या दिवशीही आरशात दिसत नाही.

मिलिंदचा विद्यार्थी, संभाजीनगर

परभणीकर, तुमचा डबा वाचून आत कुठंतरी लागलं, पण वेगळ्या कारणानं. आमच्या आजोबांच्या वाट्यालाही कोरडंच यायचं. सणाला वाड्यावर गेले की धान्य, पीठ, तेही वरून धोतराच्या सोग्यात टाकायचे. चहाची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी, कान तुटलेली. पिऊन झाल्यावर आपणच विसळायची आणि पालथी घालायची. त्या वाड्यातली माणसं दुष्ट नव्हती. अडीअडचणीला पैसे द्यायची, दुखण्याखुपण्यात विचारपूस करायची. "ज्याची त्याची रीत" हे शब्द आजोबांनी त्यांच्याच तोंडून ऐकले होते. 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला, तेव्हा त्याच्या विरोधातल्या दंगलीत आमची वस्ती जळाली आणि आजोबा शहरात आले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. मी तेव्हा मिलिंद महाविद्यालयात शिकत होतो. बघायला आजोबा नव्हते.

म्हणून कुणी रीतीचा मान राखायला सांगितलं की मी आधी विचारतो, ही रीत कुणी कुणाला लावली? तुमच्या आजीनं नेम स्वतःला लावला होता. आमच्या आजोबांना तो दुसऱ्यांनी लावला. फरक मोठा आहे, मला मान्य आहे. तरी एक विचारू? तुमच्याकडचा फराळ चाची खात होत्या, त्यांच्याकडचं आजी खात नव्हत्या. चाचींना काय वाटायचं, हे कुणी कधी विचारलं का?

गोदाकाठचा

पैठणचा माणूस नाथांचं नाव घेतल्याशिवाय कसा राहील, तेव्हा तुमची अट थोडी मोडतो. काशीहून रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा ऐकत आम्ही वाढलो. सांगणारे बरोबरच्या यात्रेकरूंना बहुतेक वेळा कठोर ठरवतात. मी एकदा पायी वारीत असताना रस्त्यात मोटारसायकलवाला पडलेला दिसला. त्याला दवाखान्यात न्यायला थांबलो, दिंडी पुढं निघून गेली. सगळी वाट मनात राग होता, की कसले हे वारकरी. रात्री मुक्कामी पोचलो तर माझी पथारी कुणीतरी उचलून आणून अंथरलेली, उशाला दोन भाकरी आणि पिठलं झाकून ठेवलेलं. कुणी केलं ते कळलं नाही. कथेतल्या त्या बाकीच्यांबद्दल आता मी वाईट बोलत नाही. कावड त्यांनाही पोचवायची होती.

लातूरचा बाप

मी शेतकरी माणूस, लिहायची सवय नाही. थोरली लेक 34 वर्षांची, पुण्यात नोकरीला. लग्न करायचं नाही म्हणती. आठ वर्षं घरात सुतक असल्यावानी. मला वाटायचं ती दुःखात आहे आणि आपल्याला सांगत नाही.

औंदा येळवशीला, म्हणजे शेतात साजरी करायच्या वेळ अमावस्येला आली. शेतात कडब्याची कोप घालायला सकाळी माझ्यासंगं तीच. मी पेंढ्या द्यायचो, ती उभ्या करून बांधायची. बांधता बांधता गुणगुणत होती. लहानपणी बैलामागं फिरताना गुणगुणायची, तसंच. तिथं मला कळलं, ही दुःखात नाही. दुःखात मी होतो, आणि ते तिच्या नावावर लिहीत होतो.

कोपीत पांडव पूजले, पंगत बसली. पन्नासेक माणूस. भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, आंबिल. येळवशीला कुणाची जात-पात विचारत नाहीत, वाटेनं चाललेल्यालाबी हाक मारून बसवतेत. मेव्हणे जेवता जेवता म्हणाले, "दाजी, पोरीचं काय ठरवलंव मग?" दरवर्षी हा प्रश्न आला की माझी मान खाली. ह्या खेपेला म्हणलं, "तिचं बरं चाललंय. आंबिल घ्या." लेक वाढत होती, तिनं ऐकलं. बोलली काही नाही. माझ्या गिलासात काठोकाठ आंबिल वतली, सांडली तरी वतत राहिली.

परभणीकर

मिलिंदच्या दादांचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर कुणीच विचारलं नव्हतं. चाची आता 80 च्या पुढं आहे, लेकाकडं असते. काल फोन केला आणि सरळ विचारलं.

म्हणाली, "टोचायचं बेटा, खोटं कशाला सांगू? तुझा बाप माझ्या मांडीवर वाढला, आणि माझ्या घरचा घोटभर चहा चालत नाही. 11 वर्षं टोचलं. मग एकदा तुमच्या ओट्यावर पापड लाटताना तोंडावरच विचारलं. तुझी आजी म्हणाली, माळ घातल्यापासून मी पोटच्या लेकीकडंबी जेवत नाही, तिच्याकडं कोंबडं कापतेत. तिला वाटायचं, मला हे माहीत आहे. माझ्या मनात काय होतं ते ऐकल्यावर लाटणं खाली ठेवून रडली. त्याच्या पुढच्या ईदपासून मी डबा भरायला लागले."

म्हणजे मी पाहिलेला चेहरा 11 वर्षांनंतरचा होता. मिलिंदचे दादा, तुम्ही विचारलं नसतं तर ती 11 वर्षं मला कधीच कळली नसती.

डबा सापडल्याचं सांगितलं. झाकणावरचं नाव झिजलंय, वाचता येत नाही म्हणालो. चाची म्हणाली, "झिजलं कुठं? उर्दूत आहे ते. माझ्या सासूचं नाव आहे. शेवटच्या ईदला दिला तो परत आलाच नाही. येताना घेऊन ये."

रविवारी जातोय.