मदत हवी आहे: ४९७ दिवसांनी स्विच रीस्टार्ट झाल्याचा खोटा अलर्ट

नेटवर्क स्विचवर नजर ठेवायला वापरल्या जाणाऱ्या एसएनएमपी प्रोटोकॉलचा सिसअपटाइम (स्विचचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर सुरू झाल्यापासूनचा वेळ) ३२ बिटांचा असतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो. त्यामुळे ४९७ दिवस २ तास २८ मिनिटांच्या आसपास तो ४२९४९६७२९५ वरून थेट शून्यावर येतो. मॉनिटरिंगला वाटतं, स्विच बंद पडून चालू झाला! रात्री कुणाला तरी विनाकारण उठवणारा हा अलर्ट थांबवायलाच हवा.

सध्याचा उपाय: नव्या आकड्यातून जुना वजा करायचा, उत्तर ऋण आलं तर ४२९४९६७२९६ मिळवायचे. हा फरक दोन पोलमधल्या (स्विचला आकडा विचारण्याच्या दोन वेळांमधल्या) सेकंदांच्या शंभरपटीशी जुळला तर ओव्हरफ्लो (आकडा भरून शून्यावर आला), नाहीतर खरा रीस्टार्ट. एसएनएमपीची तिसरी आवृत्ती (व्ही३) असेल तिथे इंजिनबूट्सचा, म्हणजे एसएनएमपी किती वेळा नव्याने सुरू झालं याचा, आकडा वाढला का, एवढं पाहिलं की भागतं. अडचण फक्त व्ही२सी ही आधीची आवृत्ती बोलणाऱ्या जुन्या स्विचांची आहे. कोल्डस्टार्ट ट्रॅप (सुरू झाल्यावर स्विच स्वतःहून पाठवतो तो संदेश) पोचल्याची खात्री न देणाऱ्या यूडीपीवरून येतो, वाटेत हरवू शकतो, म्हणून एकट्या त्यावर विसंबता येत नाही.

दोन प्रश्न आहेत. पोल दर ५ मिनिटांनी असेल आणि मध्येच काही तास लिंक तुटली, तर स्विचच्या घड्याळाचा फरक धरून किती सेकंदांची सूट ठेवावी? आणि शून्यावर आल्यावर आधीचा इफलास्टचेंज (पोर्टची स्थिती शेवटची बदलली तेव्हाचा सिसअपटाइम) आताच्या सिसअपटाइमपेक्षा मोठा दिसतो. पोर्ट शेवटचा कधी बदलला हे तेव्हा कसं काढता?