हरभऱ्याची मर: स्यूडोमोनास बियाण्याला लावावं की जमिनीतून द्यावं?

काळीरान (परभणी):
सोयाबीन निघालं की त्याच रानात जॅकी ९२१८ हा हरभऱ्याचा वाण पेरायचा आहे. जमीन भारी, चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या वर. पेरल्यावर तीन-चार आठवड्यांनी झाडं माना टाकतात आणि मग ठिगळं वाढत जातात. बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चोळलं तरी थांबत नाही. यंदा स्यूडोमोनास फ्लुरोसन्स हा उपयुक्त जिवाणू आणि ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, दोन्ही द्यायचा विचार आहे. मात्रा, क्रम आणि कशात काय मिसळू नये, हे माहितगारांनी सांगावं.

मुळाशी:
दादा, आधी रोग ओळखा. माना टाकलेलं झाड मुळासकट उपटून बुंधा उभा चिरा. आत मधोमध तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती फ्युजेरियम बुरशीची मर. बुंध्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे असतील तर स्क्लेरोशियम, म्हणजे बुंधाकूज. ती अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर पोसते. सोयाबीनचा भुसा रानात तसाच गाडला असेल तर बीजप्रक्रिया कितीही चांगली करा, उपयोग कमीच. फुलोऱ्याच्या सुमारास, उन्हाचा ताण पडल्यावर झाड वाळलं आणि सोटमूळ कडकन मोडलं, तर कोरडी मूळकूज.

फ्युजेरियम पीक नसतानाही जमिनीत सहा-सहा वर्षं तग धरतो. कार्बेन्डाझिमचा असर बियाण्यापुरता आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता असतो. मूळ खाली गेलं की त्याला राखण उरत नाही. जिवाणू मात्र मुळाच्या स्रावावर जगतात आणि वाढत्या मुळाबरोबर पसरतात.

बीजसंस्कार:
बियाण्याची कृती अशी. एकरी ३० किलो बियाण्याला स्यूडोमोनासची टाल्क भुकटी ३०० ग्रॅम, म्हणजे किलोला १० ग्रॅम. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. त्यातलं अर्धा ते पाऊण लिटर बियाण्यावर शिंपडा, वरून भुकटी टाका आणि ताडपत्रीवर हलक्या हाताने घोळवा. पाणी जास्त झालं की हरभरा फुगतो, साल सुटते आणि उगवण घटते. सावलीत पसरा, मूठ भरल्यावर बी हाताला चिकटेनासं झालं की पेरा. चिकट बी पेरणीयंत्राच्या नळ्यांत अडकतं. पेरणी त्याच दिवशी आणि ओलीवरच करा; हा जिवाणू बीजाणू (तग धरणारं सुप्त रूप) करत नाही, त्यामुळे ऊन आणि कोरड त्याला सोसत नाही.

कार्बेन्डाझिम वापरायचंच असेल तर ते आधी, रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र धरणारा जिवाणू) सगळ्यात शेवटी. स्यूडोमोनासला कार्बेन्डाझिम चालतं, ट्रायकोडर्माला नाही. तो स्वतःच बुरशी आहे. म्हणून ट्रायकोडर्मा जमिनीतून द्या, जिवाणू बियाण्यावर ठेवा. कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोमायसिन या जिवाणू मारणाऱ्या औषधांपासून स्यूडोमोनास लांबच ठेवा.

मुळाशी:
तुमच्या चुनखडीच्या जमिनीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. स्यूडोमोनास लोह पकडून ठेवणारं द्रव्य सोडतो, त्याला सिडेरोफोर म्हणतात. बुरशीलाही लोह लागतंच. ते मिळालं नाही की तिची वाढ खुंटते. सामू जास्त असलेल्या जमिनीत विरघळलेलं लोह मुळातच कमी, म्हणून तिथे हा डाव जास्त चालतो. नेमकं याच वेळी पिवळेपणा दिसला म्हणून ईडीटीएयुक्त फेरस (विरघळलेल्या रूपातलं लोहखत) मुळाशी सोडलं, तर बुरशीला आयतं लोह मिळतं. पिवळेपणासाठी फेरस सल्फेट अर्धा टक्का पानांवर फवारा.

काळीरान:
भारीच उपयोगी. जमिनीतून एकरी किती? आणि २०० लिटरच्या ड्रममध्ये गूळ-बेसन घालून पाकिटातला जिवाणू वाढवला तर खर्च वाचेल का?

बीजसंस्कार:
स्यूडोमोनास एकरी १ किलो, २० ते २५ किलो पूर्ण कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या सरीत. ट्रायकोडर्मा आधीच शेणखतात मुरवून ठेवला तरी चालतो; स्यूडोमोनास त्याच दिवशी मिसळा.

ड्रमचं करू नका. उघड्या गुळाच्या पाण्यात यीस्ट आणि इतर जिवाणू याच्यापेक्षा झपाट्याने वाढतात. वास येतो, फेस येतो, पण त्यात स्यूडोमोनास किती उरला ते कळायला मार्ग नाही.

पाकिटावर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि ग्रॅमला किमान १×१०⁸ जिवंत पेशी हे बघूनच घ्या. चार-पाच महिन्यांपेक्षा जुनं किंवा दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेलं नको. साठवण लांबवायची असेल तर बॅसिलस सबटिलिस हा दुसरा जिवाणू बरा, कारण तो बीजाणू करतो.

मुळाशी:
पेरणीनंतर ठिगळ दिसलंच, तर माना टाकलेली झाडं वाचत नाहीत. ती मुळासकट उपटून रानाबाहेर जाळा. भोवतीच्या निरोगी झाडांच्या मुळाशी लिटरला ५ ग्रॅम स्यूडोमोनासची आळवणी संध्याकाळी, ओल असताना करा. नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका, विहिरीचं घ्या.

काळीरान:
सोयाबीनचा भुसा तसाच गाडायचा बेत होता. तो आता रानाबाहेर काढून ढिगात कुजवतो.